तीन मिनिटांची पेटी

नगरपालिकेच्या सभागृहात माईक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे माईकमामा म्हणत. अध्यक्षबाई म्हणत, आणि त्यांच्याविरुद्ध दर महिन्याला निषेधाचा ठराव आणणारे सदस्यही म्हणत. सभागृहाच्या डाव्या कोपऱ्यात एका लाकडी टेबलामागे मामा बसत. समोर अॅम्प्लिफायर, बाजूला तारांचा गुंता, कानाला हेडफोन. बावीस वर्षं गावाचा कारभार त्यांच्या कानांतून गेला होता, आणि त्यातलं काहीही त्यांनी डोक्यात साठू दिलं नव्हतं. त्यांची बायको म्हणायची, म्हणूनच यांची तब्येत टिकली.

त्या कारभारातला मोठा हिस्सा एकाच सदस्याच्या आवाजात होता. त्यांना अर्धातास म्हणत. हे नाव पडलं तेव्हा ते खरोखर अर्धा तास बोलत. पुढे पाऊण तासावर गेले, तरी नाव तेच राहिलं. माणूस वाईट नव्हता. कुणाला फसवलं नव्हतं, कुणाच्या वाटेला जात नव्हता. फक्त कुठलाही विषय निघाला की तो मुळापासून सांगायची त्यांना ओढ लागे. उत्तरेकडच्या वस्तीला नवी जलवाहिनी टाकायची की नाही, एवढा एका ओळीचा विषय होता. अर्धातासांनी उभं राहून विचारलं, "सन्माननीय सभागृहाला माझा प्रश्न आहे, पाणी म्हणजे काय?" आणि ते ढगांपासून निघून नळापर्यंत यायच्या आत जेवणाची सुट्टी झाली. असे चार महिने गेले. उत्तरेकडची माणसं टँकरमागे बादल्या घेऊन धावतच होती.

चौथ्या सभेनंतर अध्यक्षबाईंनी मामांना दालनात बोलावलं.

"मामा, माईक आपोआप बंद होईल असं काही करता येतं का?"

"बटण आहे की माझ्याकडे."

"तुमच्या हातानं नको. तुम्ही बंद केलात की ते म्हणणार, अध्यक्षांनी करायला लावलं. मग त्यावर आणखी एक तास. यंत्रानं बंद झाला पाहिजे. तीन मिनिटं झाली की बंद. यंत्राशी कोण भांडणार?"

मामांनी उमेदीत दहा वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. यंत्राशी माणसं किती भांडतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "करतो."

त्या रविवारी सकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा धूर निघाला. मामांची लेक लिफ्टची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती. ती चहाचा कप घेऊन समोर येऊन बसली.

"काय चाललंय बाबा?"

"माईकच्या तारेतला रिले पाडायचाय. तीन मिनिटांनी."

"किती रिले?"

"एकच. सदस्यानं बटण दाबलं की माईक चालू, तीन मिनिटांनी टक्क, माईक बंद. सांग, तुझी चिप लावू की माझी पद्धत?"

लेकीनं कप खाली ठेवला. कामाचा प्रश्न विचारला की तिचा चेहरा अगदी बापासारखा व्हायचा. "मायक्रोकंट्रोलर लावला तर वेळ सेकंदाला सेकंद येईल. उद्या तीनाचे चार करायचे झाले तर एक आकडा बदलायचा. पण त्याला सपाट, स्वच्छ पाच व्होल्ट लागतात. रिले सुटताना झटका देतो, तो चिपपर्यंत जाऊ नये म्हणून डायोड लागतो. प्रोग्रॅम लागतो. आणि तो प्रोग्रॅम ज्यानं लिहिला तो माणूस वेळेला सापडावा लागतो."

"आणि माझी पद्धत?"

"एक टायमर आयसी, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर. कपॅसिटर हळूहळू भरणार, ठरावीक पातळीला आला की रिले पडणार. पाच-दहा सेकंद इकडेतिकडे होतील."

"पाच-दहा सेकंदांत तिथे कुणाचं 'सन्माननीय' पण पुरं होत नाही."

"मग तुमचंच लावा."

"इतक्यात हार मानलीस?"

"हरायचं काय त्यात? एकच वेळ, एकच रिले. एवढ्यासाठी चिप म्हणजे वाण्याकडून काडेपेटी आणायला ट्रक काढल्यासारखं आहे. फक्त एक ऐका. एवढा मोठा कपॅसिटर गरम झाला की गळतो, मग भरायला वेळ लावतो. पेटी अॅम्प्लिफायरवर ठेवू नका."

"नाही ठेवत," मामा म्हणाले.

आतून बायको म्हणाली, "टेबलाला डाग पडला तर दोघांनाही जमिनीवर वाढीन." त्यावर बापलेकीनं खाली जुनं वर्तमानपत्र घातलं आणि दुपारपर्यंत पेटी तयार झाली. बिस्किटाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची. वेळ ठरवणारा छोटा स्क्रू आत होता. तो कुणी फिरवू नये म्हणून लेकीनं त्यावर तिच्या लाल नेलपॉलिशचा थेंब टाकला.

पुढच्या सभेत पेटी लागली. पहिल्याच विषयाला अर्धातास उभे राहिले. तीन मिनिटं होत आली तरी ते प्रस्तावनेतच होते. "अध्यक्ष महोदया, रस्त्यावरचा खड्डा हा खड्डा नसतो, तो एका प्रवृत्तीचा—"

टक्क.

अर्धातास बोलत राहिले. ओठ हलत होते, हात वर जात होता, पण सभागृहाला पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. शेवटी त्यांनी माईकवर दोनदा टिचकी मारली, मामांकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि खाली बसले. कुणी हसलं नाही. प्रत्येकाच्या मनात एकच आलं: आता आपली पाळी.

त्या दिवशी विषयपत्रिकेवरचे अकराच्या अकरा विषय साडेबाराला संपत आले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सदस्य घड्याळं बघायला लागले. चहा एकला येणार होता. साडेबाराला सभा संपली तर माणसानं जायचं कुठं, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून शेवटचा विषय, जलवाहिनीचा, पुढच्या सभेपर्यंत स्थगित ठेवावा का, यावर एकेकानं तीन-तीन मिनिटं बोलून चहापर्यंत वेळ काढला, आणि स्थगितीचा ठराव एकमतानं झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पेटी टिकली असती. पण समारोपाला अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. शेजारच्या नगरपालिकेचे पाहुणे आले होते. त्यांचं स्वागत, त्यांचा परिचय, मग आपल्या कारकिर्दीतली कामं. बाई चौथ्या कामावर होत्या. "आणि स्मशानभूमीच्या बाबतीत मी अभिमानानं सांगते—"

टक्क.

संध्याकाळच्या आत मामांना दालनात बोलावणं आलं.

"मामा, मलासुद्धा?"

"बाई, कोण बोलतंय ते तिला कळत नाही. कपॅसिटर भरला की ती बंद करते."

"मग कळेल असं काही नाही का?"

मामा दाराशी उभे होते. म्हणाले, "कळेल असंही करता येतं. पण मग ती यंत्र राहणार नाही."

बाईंना हे बोलणं उद्धट वाटलं, पण त्यात नेमकं बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

दुसऱ्या सभेत वेगळीच भानगड झाली. मामांच्या टेबलावर मुख्य लिपिकांच्या फायली, फुलदाणी आणि पाण्याचा तांब्या आल्यावर पेटीला जागा उरली नव्हती. लेकीनं बजावूनसुद्धा मामांनी ती अॅम्प्लिफायरवर ठेवली होती. सकाळी अकराला तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं होती. अॅम्प्लिफायर तापला तशी बाराला तीन मिनिटं वीस सेकंद झाली आणि एकला जवळजवळ चार. हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं असेल तर अर्धातासांच्या. ते घरून स्टॉपवॉच घेऊन आले होते.

झालं, बातमी बाकांबाकांतून फिरली. आता कुणालाच आधी बोलायचं नव्हतं. अध्यक्षबाई नाव पुकारत आणि सदस्य म्हणत, "आधी त्यांना बोलू द्या, मी थांबतो." एकमेकांबद्दल एवढा आदर त्या सभागृहात कधी दिसला नव्हता. सकाळचा तास शांततेत गेला आणि एकनंतर बोलायला चौदा जणांनी हात वर केले. जलवाहिनीचा विषय वेळेअभावी राहिला.

शेवटी उपाध्यक्ष उठले आणि म्हणाले की नगरपालिकेची वेळ दिवसभरात बदलते ही गंभीर बाब आहे. वेळनियंत्रण उपसमिती नेमण्यात आली.

मामा घरी आले ते ओशाळलेले होते. जेवताना त्यांनी लेकीला सांगितलं, "ठेवली होती मी अॅम्प्लिफायरवर."

"मला वाटलंच होतं."

"एक लाकडी फळी मारली की काम होतं. तसं मी त्यांना सांगितलं. म्हणाले, फळीचा प्रस्ताव उपसमितीकडे द्या."

उपसमितीनं तज्ज्ञ म्हणून मामांच्या लेकीलाच बोलावलं, कारण गावात त्या विषयातलं दुसरं कुणी फुकट यायला तयार नव्हतं. तिनं कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली. लांब टेबलाच्या एका बाजूला नऊ सदस्य, दुसऱ्या बाजूला ती एकटी. कोपऱ्यात मामा, कारण उपसमितीलाही माईक लागत होता.

"सोप्या भाषेत सांगा," उपाध्यक्ष म्हणाले.

"एका पद्धतीत आपण बादली भरायला लावतो. भरली की वेळ संपली. दुसऱ्या पद्धतीत एक कारकून बसवतो, तो एक, दोन, तीन असं मोजतो. बादली स्वस्त, साधी, पण उन्हाळ्यात थोडं कमीजास्त होतं. कारकून अचूक, पण त्याला शांतता लागते आणि सूचना लिहून द्याव्या लागतात."

"बादली कुणाची?" एका सदस्यांनी विचारलं. उत्तरेकडच्या वस्तीचा उल्लेख झाला की काय, अशी त्यांना शंका आली होती.

"बादली म्हणजे कपॅसिटर."

"आणि हा कारकून माणूस ओळखू शकेल का?"

"कुठला माईक चालू आहे ते ओळखू शकेल."

हे ऐकल्यावर टेबलाच्या पलीकडे एक हालचाल झाली. सगळे जरा पुढे सरकून बसले. पुढच्या दीड तासात यादी तयार झाली. अध्यक्षांना मर्यादा नाही. उपाध्यक्षांना पंधरा मिनिटं. तीनदा निवडून आलेल्यांना सात, दोनदा आलेल्यांना पाच, नव्यांना दोन. अभिनंदनाच्या ठरावाला मर्यादा नाही, निषेधाच्या ठरावाला एक मिनिट. त्यावर अर्धातासांचा सकारण विरोध.

लेक ती यादी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "एक सांगू का? सगळ्यांना सारखी वेळ असेल तर जुनी पेटी फळीवर ठेवा, पुरे आहे. ही यादी पाळायची असेल तर मायक्रोकंट्रोलरच लागेल, बादलीला ते जमायचं नाही. पण तुमची अडचण पेटीत नाही, यादीत आहे. यादी कमी करा. चिप बदलून काही होणार नाही."

मुख्य लिपिकांनी इतिवृत्तात लिहिलं: तज्ज्ञांनी मायक्रोकंट्रोलरची शिफारस केली.

काम उपाध्यक्षांच्या मेहुण्यांकडे गेलं. ते सल्लागार होते. कशाचे, हे त्यांच्या कार्डावर नव्हतं. महिन्याभरात नवी पेटी आली. काळी, चकचकीत, समोर रंगीत पडदा, त्यावर बोलणाऱ्या सदस्याचा फोटो आणि उतरत जाणारे सेकंद. फोटोंवरून दोन दिवस गेले, कारण काहींना जुना फोटो हवा होता. सल्लागारांनी यादी आत भरली आणि पासवर्ड आपल्याजवळ ठेवला. पेटीत ढवळाढवळ होऊ नये म्हणून सभागृहानं एकमतानं ठराव केला की, पेटीला किंवा तिच्या वीजजोडणीला हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होईल. सभागृहात वीजजोडणीला हात लावणारा कर्मचारी एकच होता. मामांनी ठराव ऐकला आणि हेडफोन नीट केला.

लेकीनं रविवारी सभागृहात येऊन काळी पेटी बाहेरून न्याहाळली. मागे एक लहानसा अडॅप्टर होता, त्याच्यावरच पडदा, चिप आणि सगळे रिले.

"डायोड आहेत का आत?" तिनं विचारलं.

"उघडायची बंदी आहे."

"ज्या वायरिंगवर तो भिंतीतला मोठा पंखा आहे त्याच वायरिंगवर हे आहे?"

"त्याच."

"मग बघाच तुम्ही."

बघायला फार थांबावं लागलं नाही. पुढच्या सभेत एक नवे सदस्य बोलत होते. त्यांच्या दोन मिनिटांतले दहा सेकंद उरले असताना शिपायानं हवा कोंदली म्हणून भिंतीतला पंखा लावला. दिवे क्षणभर मंदावले, पेटीचा पडदा काळा झाला, पुन्हा उजळला आणि परत दोन मिनिटं दाखवायला लागला. चिपला वाटलं, आत्ताच सकाळ झाली.

नवे सदस्य हुशार होते. पुढच्या सभेला त्यांचा चुलतभाऊ प्रेक्षकांत पंख्याच्या बटणाजवळ येऊन बसला. त्याच्या पुढच्या सभेला विरोधी गटाचाही एक माणूस तिथे आला. एक जण पंखा लावायचा, दुसरा बंद करायचा. दोन्हीनं वेळ परत सुरू व्हायची, हे दोघांनाही उशिरा कळलं. मग त्यांच्यात बटणावरून ढकलाढकली झाली आणि त्या ढकलाढकलीचा निषेध करायला सात जण बोलले, प्रत्येकी पंख्याच्या कृपेनं वीस-वीस मिनिटं. गावात दोन तट पडले. एक कपॅसिटरवाले आणि एक चिपवाले. चौकातल्या केशकर्तनालयात त्यावरून वाद झडत. वाद घालणाऱ्यांपैकी कुणी कपॅसिटर पाहिला नव्हता आणि चिपही पाहिली नव्हती. मामा आणि त्यांची लेक एकाच टेबलावर जेवतात याचं लोकांना आश्चर्य वाटे.

मग अध्यक्षबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्या महिनाभर रजेवर गेल्या. सभेच्या दिवशी उपाध्यक्ष तापानं आडवे. अशा वेळी नियमाप्रमाणे वयानं सगळ्यात ज्येष्ठ सदस्य अध्यक्षस्थानी बसतात. ज्येष्ठ सदस्य म्हणजे अर्धातास.

ते पायऱ्या चढून वर गेले, खुर्चीत बसले आणि त्यांनी समोरच्या माईकचं बटण दाबलं. पडद्यावर अध्यक्षबाईंचा हसरा फोटो आला आणि खाली अक्षरं: मर्यादा नाही.

अर्धातासांनी ते आधी पाहिलं नाही. सवयीप्रमाणे ते घाईघाईनं बोलायला लागले, कारण गेल्या काही महिन्यांत त्यांना घाईची सवय लागली होती. पाच मिनिटं झाली. सहा झाली. ते मध्येच थांबले, पेटीकडे वळून वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"तर आज आपल्यापुढे विषय आहे," ते म्हणाले, "पाण्याचा."

पहिला अर्धा तास सदस्यांनी सहन केला. मग पंख्याजवळच्या दोघांना खुणा झाल्या. दोघांनी आपसातलं वैर विसरून पंखा लावला, बंद केला, लावला. पेटी दर वेळी विझायची, पेटायची आणि नव्या उमेदीनं सांगायची, मर्यादा नाही. कुणीतरी सल्लागारांना फोन लावला. ते सहलीला गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. चार सदस्य मामांच्या टेबलाशी आले.

"मामा, मुख्य बटण बंद करा."

मामांनी ड्रॉवरमधून ठरावाची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. खाली चौघांच्याही सह्या होत्या.

"अहो, आम्ही सांगतोय ना."

"लेखी द्या," मामा म्हणाले. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जागेवर गेले.

बारा वाजता पहिले दोन सदस्य पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले. ते परत आले नाहीत. मग एकेक करून बाकं रिकामी होत गेली. सभेला लागणारी गणसंख्या उरली नाही, पण गणसंख्या नाही हे जाहीर करायचा अधिकार अध्यक्षांना असतो आणि अध्यक्ष बोलत होते. मुख्य लिपिकांची मान छातीवर आली. मामा मात्र बसून राहिले. माईक चालू असेपर्यंत टेबल सोडायचं नाही, ही त्यांची बावीस वर्षांची शिस्त होती. आणि त्या दिवशी हेडफोनमधून येणारं बोलणं, का कोण जाणे, त्यांनी ऐकलं. अर्धातास लहानपणीच्या विहिरीबद्दल बोलत होते. उत्तरेकडच्या वस्तीत त्यांनी स्वतः जाऊन घरं मोजली होती. कुठल्या गल्लीत उतार आहे, कुठं पाइप खोल घालावा लागेल, टँकर कुठल्या दिवशी येत नाही, सगळं त्यांच्याजवळ होतं. माणसानं अभ्यास केला होता. तो अभ्यास दोन तास चाळीस मिनिटांच्या तळाशी होता, एवढंच.

"म्हणून," शेवटी अर्धातास म्हणाले, त्यांचा आवाज पार बसला होता, "ही जलवाहिनी ताबडतोब टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे."

त्यांनी वर पाहिलं. समोर एकही सदस्य नव्हता. प्रेक्षकांच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. उत्तरेकडच्या वस्तीतून आल्या होत्या, सकाळपासून. त्यातली मोठी उभी राहिली.

"साहेब, मग झालं का मंजूर पाणी?"

अर्धातासांनी मुख्य लिपिकांकडे पाहिलं. मुख्य लिपिक जागे झाले आणि म्हणाले, "मतदान घ्यायला सदस्य नाहीत, साहेब."

"पुढच्या महिन्यात घेऊ," अर्धातास त्या बाईंना म्हणाले.

"बरं," बाई म्हणाली. तिनं पिशवी उचलली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. दोघी निघून गेल्या.

अर्धातासांनी माईकचं बटण बंद केलं. मग पायऱ्या उतरून मामांच्या टेबलाशी आले आणि समोरच्या रिकाम्या बाकावर बसले.

"तुम्ही थांबलात."

"ड्युटी आहे," मामा म्हणाले.

"मी सुरुवातीलाच म्हटलं असतं की टाका म्हणून, तर पाच मिनिटांत झालं असतं."

मामांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मला कळत नाही हो कुठं थांबायचं. घरी नातवंडं उठून जातात, तेव्हा कळतं. इथे माणसं उठून गेली ते मला दिसलंच नाही." त्यांनी अॅम्प्लिफायरवर बोट टेकवलं आणि गरम लागलं म्हणून काढून घेतलं. "तुमची ती करडी पेटी आहे का अजून?"

"आहे. पण साहेब, ती तुमच्या गळ्यावरच आधी येते."

"माहीत आहे," अर्धातास म्हणाले. "तेवढ्यासाठीच विचारलं."

पुढच्या सभेला अध्यक्षबाई काठी टेकत आल्या. आपल्या माईकनं आपल्या पाठीमागे काय केलं ते त्यांना सविस्तर कळलं होतं, त्यामुळे मर्यादा नसण्याचा त्यांचा आग्रह राहिला नव्हता. अर्धातासांनी प्रस्ताव मांडला: सगळ्यांना सारखी तीन मिनिटं, खुर्चीलासुद्धा, यादी रद्द, पासवर्ड रद्द. मांडताना त्यांनी स्टॉपवॉच हातात धरलं होतं आणि दोन मिनिटं पन्नास सेकंदांना ते खाली बसले. सभागृह इतकं गोंधळलं की विरोध करायचं राहून गेलं. भांडण झालं ते पुढे, पेटी कपॅसिटरची असावी की चिपची यावर. दोन्ही तट इरेला पेटले. शेवटी, आतलं यंत्र कोणतं असावं हे माईक विभागानं ठरवावं, असा तोडगा निघाला.

माईक विभाग रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बसला. वर्तमानपत्र आधीच घातलेलं होतं.

"फळी मारते मी," लेक म्हणाली. "जुनीच पेटी लावू. कमी गळणारा कपॅसिटर आणलाय."

"नको," मामा म्हणाले. "या खेपेला तुझी चिप लाव."

"तुम्ही म्हणताय हे?"

"बादली बरी होती. पण तो माणूस स्टॉपवॉच घेऊन बसतो. पाच सेकंद जास्त मिळाले की त्याला पाचाचे पन्नास करावेसे वाटतात. त्याला नेमकी वेळ हवी आहे, ती देऊ. पण यादी नाही, पडदा नाही, फोटो नाही. एकच आकडा. आणि डायोड मी स्वतः लावणार."

"आणि वीज वेगळ्या वायरिंगवरून."

"त्याशिवाय मी पेटीला हात लावणार नाही."

जुन्याच करड्या पेटीत आठ पायांची एक छोटी चिप, दहा ओळींचा प्रोग्रॅम. तो लेकीनं कागदावरही हातानं लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला, म्हणजे उद्या कुणीही येऊन वाचावा. दुपारी बायकोनं डाळ उकळायला ठेवेपर्यंत काम संपलं.

पेटी कुठल्या पद्धतीची आहे ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. कपॅसिटरवाल्यांनी पेटीचा करडा रंग पाहिला आणि आपण जिंकलो असं समजून मिरवले. चिपवाल्यांनी वेळ सेकंदाला सेकंद येते हे पाहिलं आणि तेही मिरवले. जलवाहिनीचा विषय नऊ मिनिटांत मंजूर झाला आणि तिसऱ्या आठवड्यात उत्तरेकडे खोदाई सुरू झाली. अर्धातास तिथे रोज सकाळी जाऊन उभे राहत आणि मुकादमाला पाइपाचा इतिहास सांगत. मुकादमाला कान होते आणि हातात काम होतं, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

सभा आता साडेबाराला संपू लागल्या. संपल्यावर सदस्य घरी जात नसत. बाहेरच्या व्हरांड्यात उभे राहून ते आतलं अपुरं राहिलेलं बोलणं पुरं करत, दोन-दोन तास, एकमेकांच्या अंगावर ओरडून, कारण तिथे माईक नव्हता. महिन्याभरानं मुख्य लिपिक एक अर्ज घेऊन मामांच्या टेबलाशी आले. खाली अकरा सदस्यांच्या सह्या होत्या. लोकप्रतिनिधींच्या घशाला त्रास होत असल्यानं व्हरांड्यातही ध्वनिक्षेपकाची सोय करावी, अशी विनंती होती. मामांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला.

"काय करू याचं?" मुख्य लिपिकांनी विचारलं.

"उपसमिती नेमा," मामा म्हणाले, आणि तारा गुंडाळायला लागले.